उसनं पाणी

त्रेलेवपासून एस्केलपर्यंत सहाशे किलोमीटर,
आणि मायतेनने पहिल्यांदा विचारलं
अठराव्या किलोमीटरला:
आलं का?

ओस्मार म्हणाला, डोंगर दिसला की सांगतो.
डोंगर नव्हताच कुठे.
होतं ते सपाट पठार, खुरटी काटेरी झुडपं,
आणि वारा, जो गाडीला सारखा
रांगेत घुसणाऱ्यासारखा कोपराने ढोसत होता.

मागे नणंदेच्या लग्नाचा आहेर,
हँगरला माझा निळा झगा,
एक कान नसलेला कापडी ससा,
आणि सगळीकडे बिस्किटांचा चुरा.
चार वर्षांच्या मुलीला सहाशे किलोमीटर
कसे समजावणार?
मी म्हटलं, दोन झोपा आणि एक जेवण.
ती म्हणाली, मी झोपलेच नाही तर?

लास प्लुमासला तिने उलटी केली.
ग्वानाकोंचा कळप दिसला तेव्हा ती रडत होती,
रडणं थांबलं तेव्हा कळप गेला होता.
त्यांना परत बोलाव, ती बापाला म्हणाली,
आणि त्या बिचाऱ्याने खरंच गाडी थांबवून
शीळ घातली.

लोस आल्तारेसच्या अलीकडे
जिथे कडे तांबडे व्हायला लागतात
तिथेच काटाही तांबड्यात गेला.
बॉनेटखालून वाफ.
पाणी सगळं मायतेनचं तोंड धुण्यात संपलेलं.
फोनला रेंज नाही. तासाभरात एक ट्रक,
तोही भोंगा वाजवून निघून गेला.

रस्त्याकडेला एक देवळी होती,
बसकी, चुन्याची,
आणि भोवती शेकडो प्लास्टिकच्या बाटल्या,
भरलेल्या, उन्हात तापत.
आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते ती:
नवऱ्याच्या मागे वाळवंटात निघालेली,
तहानेने मेलेली,
आणि छातीशी पीत राहिलेलं, जिवंत सापडलेलं
तिचं बाळ.
म्हणून येणारे-जाणारे तिला पाणी ठेवतात.

ही का झोपलीय?
दमलीय, मी म्हटलं.
मग बाळ का नाही दमलं?
ओस्मारने माझ्याकडे पाहिलं.
मी बाटल्यांकडे.

गाडी निवेपर्यंत तो नुसता येरझाऱ्या घालत राहिला.
मग टोपी काढली, दोन बाटल्या उचलल्या
आणि कानकोंडा होऊन, मूर्तीला की मला, म्हणाला:
उसन्या.
रेडिएटर पीतच राहिला, पीतच राहिला.
तळातलं थोडं मायतेनने मागितलं
आणि मी दिलं. मी दिलं.
कुणीतरी नवस बोलून ठेवलेलं पाणी
माझ्या लेकीच्या हनुवटीवरून ओघळलं.

लग्नात तिने टेबलाटेबलाशी जाऊन सांगितलं,
आम्ही एका झोपलेल्या बाईचं पाणी प्यायलो.
हसले सगळे. सासूबाई नाही हसल्या.
निघताना दोन बाटल्या भरून दिल्या,
झाकणं पदराने पुसावीत तशी ॲप्रनने पुसून.
विसरू नका.

विसरलो नाही.
रात्र होती, पोर नुकती झोपली होती,
आणि झोपलेलं पोर मागे असताना
गाडी कोण थांबवतं?
दिव्यांच्या झोतात बाटल्या लकाकल्या.
ओस्मारने वेग कमी केला.
मी काही बोलले नाही.
त्याने वेग वाढवला.

दोन वर्षं झाली. त्या अजून
माझ्या सीटखाली आहेत.
ब्रेक लागला की पुढे येतात,
चढावर मागे जातात.
किराण्याला, दाताच्या डॉक्टरकडे, शाळेला
आमच्याबरोबर येतात.
मायतेन आता पाट्या वाचते मोठ्याने,
आकड्यांसकट.
आलं का, असं विचारत नाही.

परवा सिग्नलला त्या गडगडल्या
तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
आई, त्या बाळाला तहान लागली असेल आता.
बाईला नाही. बाळाला.

हो, मी म्हटलं.
हिरवा दिवा कधीचा लागला होता.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.